पाण्याखालचं रान

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव डोळ्यांसमोर आणा. गोष्टीपुरतं त्याला नाव नसलं तरी चालेल, कारण त्या बाजूला गाव म्हटलं की तलाव आलाच. गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी लोकांनी अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी उसाला आणि धानाला पाणी मिळावं म्हणून टेकड्यांच्या मधे मातीच्या पाळी घातल्या. पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी वाहून जायला सलंग. त्यातल्या कितीतरी पाळी अजून उभ्या आहेत. पुढं हे तलाव मालगुजारांकडे आले, म्हणून मालगुजारी तलाव म्हणवले गेले. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळीवरचं झुडूप उपटणं हे तेव्हापासून कुणाचंच काम उरलं नाही.

या गावचा तलावही तसाच झाला होता. पाणी भरपूर, पण बारा महिने गढूळ. काठानं बेशरम माजलेली. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं; कुंपणाला बरं म्हणून लोकांनी लावलं. जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही, आणि त्याची कांडी तुटून ओल्या मातीत पडली तरी रुजते. मच्छीमार संस्थेनं आधी रोहू, कटला, मृगळ सोडले. मग झटपट वाढतो म्हणून गवत्या मासा आणला. गवत्यानं तळातलं गवत खाऊन संपवलं, जोडीला आलेल्या सायप्रिनस माशानं चिखल उकरून पाणी ढवळलं. शेवटी गाळ काढायला मशिनं आली. त्यांनी तलावाचा पसरट, उतरता काठ खणून सरळ भिंतीसारखा केला. बगळ्यानं पाय टेकावा एवढंही उथळ पाणी तिथं राहिलं नाही. हे सगळं वीस-पंचवीस वर्षांत घडलं, आणि इतक्या सावकाश की घडताना ते गावाला दिसलंच नाही.

अशा वेळी गावाला सुशोभीकरणाचा निधी मिळाला.

सरपंच तरुण होता, मनाचा चांगला होता. जवळच्या नवेगावबांधला लोक लांबून येतात हे तो लहानपणापासून पाहत आला होता. मारुती चितमपल्ली तिथं वनाधिकारी होते. त्यांच्या लेखणीतून त्या तलावाची पाखरं मराठी घराघरांत पोचली. आपल्या तलावावरही माणसं यावीत, चार पोरांना रोजगार मिळावा, संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसायला जागा व्हावी, असं त्याला वाटे. त्यात वावगं काहीच नव्हतं. त्यानं ग्रामसभेत नकाशा उलगडला: पाळीवर फरसबंदी, दिवे, बाकडी, कठडा आणि पायडलच्या दोन बोटी.

मच्छीमार ढीवरांच्या टोलीतली एक आजी मागं बसली होती. लहानपणापासून गुडघाभर पाण्यात उतरून झिंगे धरण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मले येक सांग गा बाबू. लोकं येतीन, बाकड्यावर बसतीन. मंग पाहातीन काय?"

"तलाव पाहतील, आजी."

"तलाव कुठं हाये? पानी हाये."

सभा हसली. ठराव मंजूर झाला.

वर्षभरात काम झालं आणि चांगलं झालं. संध्याकाळी गावातल्या बाया पाळीवर फिरू लागल्या, पोरं सायकली शिकली. दिवाळीत तालुक्यातून काही कुटुंबं आली. त्यांनी गढूळ पाणी पाहिलं, बेशरमीची जांभळट फुलं पाहिली, फोटो काढले आणि गेली. परत कुणी आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बोटी पाळीखाली पालथ्या पडल्या होत्या.

आजीनं मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाकडे एक कोपरा मागितला. नाला जिथून तलावात येतो तिथला, तीन-चार एकरांचा. अध्यक्ष म्हणाला, "घे. तिथं तशीही मासोळी लागत नाही." आजीला तो कोपरा पायांनी ठाऊक होता. कुठं तळ भुसभुशीत, कुठं चिकण, पूर्वी कुठं पायाला गवत गुंडाळायचं आणि कुठं कमळाचे देठ खुपायचे, हे तिला डोळे मिटून सांगता येई. असं ज्ञान कागदावर नसतं म्हणून आपण ते मोजत नाही. मला वाटतं, आपल्या बहुतेक तलावांच्या दुरुस्त्या इथंच फसतात. पाळ कुणालाही दिसते, तिचं अंदाजपत्रक करता येतं. तळ फक्त त्यात उतरणाऱ्याला कळतो.

वैशाखात पाणी ओसरलं तेव्हा बायकांच्या बचत गटानं बेशरम मुळासकट खणून काढली आणि वाळवून जाळली. मशिनानं केलेली उभी कड फोडून पुन्हा उतार केला. ट्रॅक्टर घालून कोपऱ्याचा तळ नांगरला. मग रोपांचा शोध सुरू झाला. जंगलाच्या कडेला एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती. तिथवर ना निधी पोचला होता ना गवत्या. तिच्या तळात सगळं शाबूत होतं. गावची धानाची रोवणी आटोपली आणि कोपऱ्यात गुडघाभर पाणी चढलं, तशा बायका ओल्या गोणपाटात रोपं बांधून घेऊन आल्या. खोलगट भागात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियासारखं बुडालेलं गवत, त्याच्या अलीकडे कमळ, पोयणी आणि कुमुदिनी, अगदी काठाला देवधान. रोवणीला सरावलेले हात होते. ओळी सरळ लागल्या.

दिसायला मात्र काहीच नव्हतं. पाळीवरून पाहणाऱ्याला आधीही पाणी दिसत होतं, नंतरही पाणीच. पंचायतीला कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो हवा होता; दोन्ही फोटो सारखेच आले. "पाण्यात गवत लावतात बाया," असं म्हणून माणसं पुढं जात.

पहिल्या वर्षी बरंचसं गेलंही. नाल्याला पूर आला, त्यानं काठची रोपं उपटून नेली. उरलेल्यात म्हशी शिरल्या. दुसऱ्या वर्षी आजीनं आधी गुराख्यांना बोलावलं आणि जनावरांना पाणी पाजायला तलावाची दुसरी बाजू ठरवून घेतली. मग बांबूचं कुंपण घातलं. बायकांनी पाळ्या लावून राखण केली आणि बेशरमीचा नवा कोंब दिसला की उपटला. हे कंटाळवाणं काम आहे. गोष्टीत त्याला दोन वाक्यं पुरतात, प्रत्यक्षात दोन पावसाळे लागतात.

सगळ्यात अवघड होता गवत्या. कोपऱ्याला कुंपण असलं तरी पूर चढला की मासा आत येणार. तो तलावातून काढायचा तर संस्थेला एका वर्षाची कमाई सोडावी लागणार. अध्यक्ष ऐकेना. आजीची नातसून बारावी शिकलेली होती. तिनं संस्थेची वही मागून घेतली आणि त्याच्यासमोर बसून हिशोब मांडला. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. साठलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी पावसाळ्यात मत्स्यजिरे किंवा बोटुकली विकत आणायची. ती उधारीवर आणायची, निम्मी मरायची, आणि फेड मासे विकून करायची. मरळ, शिंगूर, डाडक, झिंगे यांचं बी कुणी विकत आणलं होतं? पहिल्या पावसाला हे मासे उथळ पाण्याकडे चढतात, गवताच्या आडोशानं अंडी घालतात, पिल्लंही तिथंच वाढतात. त्यांना बीज लागत नाही, गवत लागतं. आणि बाजारात जिवंत मरळीचा भाव रोहूपेक्षा जास्त.

अध्यक्षानं वही दोनदा पाहिली. त्या उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर संस्थेनं ओढजाळ्यांनी गवत्या आणि सायप्रिनस धरून धरून विकले, आणि नव्यानं सोडले नाहीत. रोहू-कटला पूर्ण बंद केले नाहीत, थोडे ठेवले. घर चालवणाऱ्या माणसानं असं जपूनच पाऊल टाकायचं असतं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी निवळलं. मुळांनी चिखल धरून ठेवला, पानांनी लाटा मोडल्या, गढूळपणा खाली बसला, ऊन तळापर्यंत पोचलं, आणि ऊन पोचलं म्हणून गवत आणखी पसरलं. एकदा हे चक्र सुरू झालं की तलाव आपला आपण बरा होऊ लागतो. कोपऱ्यातलं गवत कुंपणाबाहेर आलं. पोयणीच्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी चालताना दिसू लागले. देवधानात जांभळ्या पाणकोंबड्या खुडखुड करू लागल्या. अडई आल्या, हळदी-कुंकू बदकं आली. हिवाळ्यात तलवार बदकं उतरली, आणि एका सकाळी हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. सारस मात्र आला नाही. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्यानं गोंदिया-भंडाऱ्याकडेच, थोड्या संख्येनं उरला आहे, आणि त्याला तलावाइतकीच भोवतालची धानाची बांधी आणि निवांतपणा लागतो. एका कोपऱ्यानं सगळं साधत नाही.

मग माणसं आली. आधी गोंदियाहून कॅमेरेवाले, मग नागपूरहून कुटुंबं, मग शाळांच्या सहली. पालथ्या पडलेल्या बोटी विकून टाकल्या होत्या. त्यांच्या जागी ढीवर पोरांचे बांबूनं ढकलायचे डोंगे आले. बचत गटानं जेवण सुरू केलं, भात आणि झिंग्यांचा रस्सा. सरपंचाची फरसबंदी आता खरोखर कामाला आली: चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा पाळीच्या मध्यापर्यंत जाऊन दुर्बीण लावून तासभर बसले होते. शाळेच्या मास्तरांनी पाखरं पाहायला बांबूच्या तट्ट्यांचं लपण उभारलं आणि त्याला दोन उंचींवर भोकं ठेवली, मोठ्यांसाठी एक, पोरांसाठी एक. अशा ठिकाणाला करमणूक म्हणून कमी लेखू नये. जांभळी पाणकोंबडी पायात देठ धरून सोलून खाताना ज्या पोरीनं पाहिली, तिला तलाव म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

इथवर गोष्ट सरळ आहे. गावाचा खरा कस लागला तो यानंतर.

पाखरं बहुतेक कोपऱ्यातच असत. येणारा प्रत्येक जण म्हणे, "तिकडं न्या ना." पोरं नाही म्हणत. पण एका श्रावणात आजीच्या सख्ख्या नातवाला एका पाहुण्यानं पाचशेची नोट दाखवली. त्याला कमळपक्ष्याचं घरटं हवं होतं. या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते, उबवतो नर. आणि घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर मांडलेला ओल्या काड्यांचा पसारा. पोरगा कुंपणाच्या फटीतून डोंगा आत घेऊन गेला. जवळ, अजून जवळ. डोंग्याची लाट पानाखालून गेली, पान कलंडलं, चारांतली दोन अंडी पाण्यात घरंगळली. नर ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत राहिला. पाहुण्याला फोटो मिळाला. पोरानं रात्री जेवताना आजीला सगळं सांगितलं आणि नोट तिच्यापुढं ठेवली.

आजीनं ती नोट ग्रामसभेत नेली.

सभेत निरनिराळी मतं निघाली. एक जण म्हणाला, "कोपऱ्याचं वेगळं तिकीट ठेवा, महाग. मग थोडेच जातील." दुसरा म्हणाला, "मोटरबोट नको, पण डोंग्यानं काय बिघडतं? पाखरं सवयीची होतील. पाखरंच दाखवायची नाहीत तर एवढं केलं कशाला?" हा प्रश्न खोटा नव्हता. गावातल्या बारा-पंधरा घरांची चूल आता त्या पाहुण्यांवर पेटत होती.

मास्तर ओडिशात चिल्का सरोवर पाहून आले होते. ते म्हणाले, समुद्राचं मुख गाळानं बुजत चाललं, तशी चिल्काची दशा झाली. 1993 साली रामसर कराराखालच्या धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत त्याचं नाव गेलं. 2000 साली नवं मुख खणलं, समुद्राचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागलं, आणि 2002 साली ते नाव यादीतून निघालं. त्याच सरोवराच्या काठी मंगलाजोडी नावाचं गाव आहे. तिथली माणसं पूर्वी पाखरं मारून विकायची. आता तीच माणसं बांबूनं नाव ढकलत पाहुण्यांना पाखरं दाखवतात आणि कुणी शिकार करू नये म्हणून राखण करतात. "पाखरू मेलं की एकदाच पैसे. जिवंत राहिलं तर पुढच्या हिवाळ्यातही," मास्तर म्हणाले.

सभेला ते पटलं, पण निकाल लागेना. तेव्हा आजी बोलली. तिनं 1972 च्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. या तलावाच्या तुडुमाला वरून खाली भोकं आहेत. पाणी उतरेल तसं एकेक बूच काढायचं. तिचा सासरा तेव्हा पाणकर होता. बांधीत धान करपत होतं, माणसं हात जोडत होती, आणि सगळ्यात खालचं बूच काढायला तो तयार नव्हता. रात्री तुडुमापाशी निजायचा. "त्याले शिव्या देल्या लोकाईनं. मीबी देल्या मनातल्या मनात, घरात दाना नोयता. मंग दुसऱ्या साली पानी आलं. त्या खालच्या डबक्यात जे जित्तं रायलं होतं, मासोळी म्हना, कमळाचा कांदा म्हना, तेच तलावभर पसरलं. बाकी कुठून येनार होतं?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग उठला तो मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. कोपऱ्यावर सगळ्यात जुना हक्क त्याच्या लोकांचा होता, आणि आता सगळ्यात चांगले मासेही तिथंच होते. तो म्हणाला, "बाहेरच्याले बंदी घालाची असन तं आधी आमची जाळी निंगली पायजेत. आजपासून कोपऱ्यात ढीवराचं जाळं पडनार नाई. आता कोन जाऊ म्हनते, त्यानं म्हनावं."

कुणी म्हटलं नाही. ठराव लिहिला गेला: नाल्याचा कोपरा बारा महिने बंद. जाळं नाही, डोंगा नाही, कॅमेरा नाही, बेशरम उपटायला वर्षातून दोनदा बायका जातील तेवढंच. लपण कोपऱ्यापासून आहे तेवढ्याच अंतरावर राहील. डोंगे फक्त मोकळ्या पाण्यात, घरट्यांच्या दिवसांत तेही बंद. पाळीवर गाणी वाजणार नाहीत. कोपऱ्याच्या दिशेचे दिवे काढून टाकायचे. दिवे सरपंचानंच लावले होते. दुसऱ्या दिवशी शिडी लावून त्यानंच काढले. पाचशेची नोट दुर्बिणीच्या खर्चात जमा झाली आणि लपणावर पाहुण्यांना पाखरं ओळखून द्यायचं काम आजीच्या नातवाकडे आलं.

त्या हिवाळ्यात काही पाहुणे नाराज होऊन गेले. जवळून दाखवत नाहीत म्हणाले. दर घरामागची मिळकत थोडी घटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यात वाढलेली मरळीची पिल्लं तलावभर झाली, संस्थेची बियाण्याची उधारी फिटली, आणि पाखरांना डोंग्याची भीती उरली नाही म्हणून ती आपण होऊन कोपऱ्याबाहेर, लपणाच्या पुढ्यात चरायला येऊ लागली.

ही गोष्ट रचलेली असली तरी तिच्यातलं काम रचलेलं नाही. भंडारा-गोंदियाच्या ढीवरांनी, त्यातही बायकांनी, कितीतरी तलावांची बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती लावून ते जिवंत केले आहेत. त्यांच्या पायांना ठाऊक असलेलं ज्ञान हाच त्या कामाचा पाया आहे.

आता गावाचं नाव आजूबाजूला झालं. एक दिवस शेजारच्या गावचे सरपंच ग्रामसेवकाला घेऊन आले. त्यांनी टेपनं फरसबंदीची रुंदी मोजली, लपणाचे फोटो घेतले, भोकांची उंची लिहून घेतली आणि मग कुणी तरी सांगितलं म्हणून आजीच्या दारात आले. त्यांच्याकडेही तलाव होता, निधीही मंजूर झाला होता. किती खर्च येईल, असं त्यांनी विचारलं.

आजी जाळं विणत होती. तिनं विचारलं, "गवत्या सोडला हाये का तुमच्याइथं?"

"हो, मागच्याच साली सोडलाय."

"मंग आंधी थो काढा. उन्हाळ्यात पानी कमी होते तवाच निंगते. काठ उभा खनला असन तं उतार करून ठेवा. आमच्या बाया रोवनी आटपली का येतीन, बारा जनी. रोजी रोवनीचीच घेऊ, जान्यायेन्याचा खर्च तुमचा. रोपं इथून नेऊ, पन दुसऱ्या सालीबी याव लागन, येका सालात नाई जमत."

ग्रामसेवक लिहून घेत होता. सरपंच उठायला लागले तेव्हा आजी म्हणाली, "आन् बसा जी, येक रायलं. कोन्ता कोपरा सोडनार आहा, थे तुमच्या ग्रामसभेत ठरवून या. थे आमी नाई ठरवनार."